पूलच्या क्यूला टिप कोणती लावावी: सॉफ्ट, मीडियम की हार्ड? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पूल खेळायला लागून मला सोळा-सतरा वर्षं झाली, त्यातली दहाएक वर्षं मित्रांच्या आणि पार्लरमधल्या पोरांच्या क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, टोकाच्या टिपा लावून देतोय. 'क्यू कोणता घेऊ' यापेक्षा 'टिप कोणती लावू' हाच प्रश्न जास्त वेळा येतो, आणि दरवेळी उभ्या उभ्या अर्धवट उत्तर दिलं जातं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. इथे पूल म्हणजे सव्वादोन इंची, ५७.१५ मिलिमीटरच्या बॉलचा पूल, एट बॉल नाइन बॉल जो आपल्याकडे बहुतेक पार्लरमध्ये चालतो तोच. स्नूकरचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

एवढ्याशा चामड्याच्या तुकड्याने खरंच फरक पडतो का?

पडतो. जवळजवळ दीड मीटरच्या आख्ख्या क्यूमधलं बॉलला लागतं ते एवढंच, साधारण तेरा मिलिमीटर रुंदीचं चामडं, आणि तेही बॉलला चिकटून असतं जेमतेम एक-दीड मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग समजा. 'टक्' असा आवाज टिपपासून तुमच्या कानापर्यंत पोचायलाच याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तो ऐकू येईपर्यंत व्हाइट, म्हणजे आपण क्यूने मारतो तो पांढरा बॉल, केव्हाच सुटलेला असतो, त्यामुळे बॉल लागल्यावर मनगट फिरवून काही सावरता येईल हे डोक्यातून काढून टाका. फक्त टिपने फरक नेमका कशात पडतो याबद्दल पार्लरमध्ये जे ऐकायला मिळतं त्यातलं बरंच चुकीचं आहे.

सॉफ्ट, मीडियम, हार्ड हे ठरवतं कोण?

ज्याची त्याची कंपनी. कडकपणा मोजायचं यंत्र असतं, ड्युरोमीटर, त्याची सुई चामड्यात किती रुतते त्यावरून आकडा येतो, पण किती आकड्याला मीडियम म्हणायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं नाही. त्यामुळे एकीची मीडियम दुसरीच्या हार्डएवढी कडक लागू शकते. जपानच्या कामुईच्या टिपा सुपर सॉफ्ट, सॉफ्ट, मीडियम आणि हार्ड अशा मिळतात, त्या आपापसात ताडून बघायला चांगल्या, पण कामुईची सॉफ्ट आणि एल्क मास्टर दोन्हींना 'सॉफ्ट' म्हणतात म्हणून त्या सारख्या लागतील असं समजून पैसे घालू नका. शिकागोच्या ट्वीटेन कंपनीच्या टिपा बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील, त्यातली निळसर एल्क मास्टर सॉफ्ट, ले प्रो मीडियमच्या जरा वरची आणि ट्रँगल चांगली कडक.

आणखी एक, अखंड चामड्याच्या साध्या टिपांमध्ये एकाच डब्यातल्या दोन टिपा पण सारख्या निघत नाहीत. मी लावायच्या आधी प्रत्येक टिप बाजूने नखाने दाबून बघतो. नख सहज रुतलं, खूण राहिली तर ती बाजूला, अजिबात उमटलं नाही तर ती दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या चार-सहा निघतात त्या चांगल्या.

सॉफ्ट टिपने स्पिन जास्त मिळतो, हे खरं ना?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

व्हाइटला वेगाच्या मानाने किती स्पिन मिळणार हे टिप बॉलच्या मध्यापासून किती लांब लागली त्यावर ठरतं. टिप बॉलवर घसरली नाही, तर मग ती मऊ असो की कडक, त्याच जागी लागलेल्या शॉटला वेगाच्या प्रमाणात स्पिन तेवढाच मिळतो. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवलेले डेव्हिड अल्सियाटोर, ज्यांना पूलवाले डॉ. डेव्ह म्हणून ओळखतात, यांनी हाय-स्पीड कॅमेरे लावून यावर भरपूर काम केलंय आणि त्यांचं म्हणणं हेच आहे.

लांब मारायला पण हद्द आहे. बॉलच्या त्रिज्येच्या साधारण निम्म्यापर्यंत, म्हणजे पूलच्या बॉलवर मध्यापासून चौदा मिलिमीटरच्या आसपास, त्याच्या बाहेर गेलात की मिसक्यू, म्हणजे टिप बॉलवरून घसरलीच. चामड्याला चॉक नीट लागलेला असेल तर सॉफ्ट पण तिथपर्यंत धरते आणि हार्ड पण धरते. स्पिनचा इतिहास पण तेच सांगतो, चामडी टिप यायच्या आधी क्यूचं टोक नुसतं लाकडाचं असायचं आणि मध्य सोडून जरा बाजूला मारलं की घसरायचं. १८०७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कॅप्टन मिंगो यांनी टोकाला चामडं लावलं असं मानतात, आणि साइड (व्हाइटच्या डाव्या-उजव्या बाजूला मारणं), स्क्रू (खाली मारून व्हाइट मागे आणणं, म्हणजेच ड्रॉ) हे सगळं खऱ्या अर्थाने त्याच्यानंतर खेळता यायला लागलं. चामडं आणि त्यावरचा चॉक बॉलला धरतात, ते धरणं जमलं की पुढचं काम तुम्ही कुठे मारता त्याचं.

मग माझ्या मित्राला सॉफ्ट लावल्यावर ड्रॉ जास्त यायला लागला, तो काय खोटं बोलतोय?

खोटं नाही बोलत, ड्रॉ त्याला खरंच जास्त येत असणार. माझ्याकडे असंच झालं होतं. आमच्या ग्रुपमधल्या एकाने जुनी चपटी झालेली टिप काढून माझ्याकडून नवी सॉफ्ट लावून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी सांगायला लागला की व्हाइट दोन फूट जास्त मागे येतोय. आम्ही व्हाइटच्या जागी पट्ट्याचा बॉल घेतला, पट्टा बरोबर आडवा ठेवला आणि त्याला आधी दुसऱ्याच्या हार्ड टिपच्या क्यूने आणि मग त्याच्या स्वतःच्या क्यूने तोच ड्रॉ मारायला लावला. टिप लागते तिथे बॉलवर चॉकचा बारीक निळा ठिपका उमटतो. हार्डचा ठिपका पट्ट्याच्या आतच होता, कडेपासून चांगला वर, आणि त्याच्या नव्या टिपचा ठिपका पट्ट्याच्या खालच्या कडेला चिकटून. पट्ट्याची कड म्हणजे जवळजवळ मिसक्यूची हद्दच. म्हणजे नवी टिप घसरणार नाही असा विश्वास बसल्यामुळे तो न कळत चार-पाच मिलिमीटर खाली मारत होता. मग हार्डनेच तेवढ्या खाली मारायला लावलं तर बॉल तेवढाच मागे आला.

ही टेस्ट तुम्ही पण करा, काही खर्च नाही. फक्त प्रत्येक शॉटनंतर बॉल पुसायचा आणि पट्टा परत नीट आडवा लावायचा.

मग टिप मऊ-कडक असल्याने बदलतं तरी काय?

तीन-चार गोष्टी बदलतात आणि त्या छोट्या नाहीत.

पहिली म्हणजे जोर. हार्ड टिप कमी दबते, त्यामुळे हाताने दिलेला जोर कमी वाया जातो आणि त्याच स्ट्रोकला व्हाइट थोडा जास्त पळतो. सॉफ्टवरून हार्डवर आलात की पहिले काही दिवस पोझिशन सगळी पुढे पुढे जाते, आणि उलटं केलं की बॉल मध्येच थांबतात. ड्रॉ कमी आला असं वाटायचं एक कारण हे पण असतं.

दुसरी म्हणजे हाताला आणि कानाला येणारी जाणीव. सॉफ्टचा आवाज 'थप्' असा दबका, हार्डचा 'टक्' असा कोरडा. काही जणांना दबका आवाज आला की शॉट आपल्या ताब्यात आहे असं वाटतं आणि हात सैल राहतो, काहींना कोरडा आवाज आला की वेगाचा अंदाज नीट येतो. याला मी कमी समजत नाही, कारण हात सैल राहिला तर स्ट्रोक सरळ जातो. पण ही आवड ज्याची त्याची, त्यात बरोबर-चूक काही नाही.

तिसरी गोष्ट निगा. सॉफ्ट टिप चॉक चांगला धरून ठेवते पण लवकर दबते, बाजूने फुगते, झिजते, दर आठवड्याला तिच्याकडे बघावं लागतं. हार्ड टिप आकार महिनोन्महिने सोडत नाही, पण वरून चकचकीत होते आणि मग चॉक तिच्यावर टिकत नाही, न घासता तसंच खेळत राहिलात तर ऐन मोक्याच्या शॉटला घसरते.

आणि एक गोष्ट जी बदलत नाही पण लोक टिपच्या माथी मारतात ती म्हणजे साइड मारल्यावर व्हाइट नेमाच्या रेषेतून बाजूला सरकणं, ज्याला डिफ्लेक्शन म्हणतात. ते शाफ्टच्या, म्हणजे क्यूच्या पुढच्या बारीक भागाच्या, पुढच्या टोकाच्या वजनावर असतं. टोक हलकं तर सरकणं कमी. टिप बदलून ते कमी होत नाही, त्यासाठी टिपवर हजारो रुपये घालू नका.

मी नवीन आहे, कोणती लावू?

मीडियम. आणि लावल्यावर सहा महिने बदलू नका.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. नवीन माणसाचा स्ट्रोक रोज वेगळा पडत असतो, त्यात टिप पण दर महिन्याला वेगळी असेल तर व्हाइट लांब का गेला, हात जोरात गेला म्हणून की टिप कडक म्हणून, हे कळायला मार्गच राहत नाही. एकच टिप असली की दोन-तीन महिन्यांत हाताला तिचा वेग कळायला लागतो, किती मागे खेचलं की व्हाइट किती जातो हे न मोजता यायला लागतं. मीडियम एवढ्यासाठी की ती फुगत पण नाही फारशी आणि चकचकीत पण पटकन होत नाही, तुम्हाला निगा राखायची सवय लागेपर्यंत ती सांभाळून घेते.

मी जोरात मारतो, मला हार्ड चालेल ना? आणि हळू मारणाऱ्याला सॉफ्ट?

बहुतेक जण असंच सांगतात, पण याचं उलट पण तितकंच बरोबर ठरू शकतं. जोरात मारणाऱ्याची सॉफ्ट टिप दोन महिन्यांत दबून चपटी होते हे खरं, म्हणून टिकाऊपणासाठी त्याला हार्ड परवडते. पण हार्डने व्हाइट अजून पळतो, आणि ज्याचा बॉल आधीच सगळ्या टेबलभर फिरतोय त्याला अजून वेग कशाला हवा? तसंच हळू खेळणाऱ्याचं, टेबलचं कापड जुनं आणि जड असेल तर हार्डने त्याचं काम सोपं होतं, बॉल पोचवायला हात झोकून द्यावा लागत नाही. तुमच्या पार्लरमधली टेबलं जड आहेत की पळती हे बघून ठरवा. आमच्याकडच्या पार्लरमध्ये कापड बदलून वर्षं झालेली असतात, त्यामुळे मी मीडियमच्या किंचित वरची लावतो.

आमच्या जिमखान्यातले मार्कर म्हणतात एल्क मास्टरशिवाय दुसरी लावूच नको. ऐकू का?

मार्कर, म्हणजे बिलियर्ड्स रूम सांभाळणारे, अशा मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे, टिप लावायला मी अशाच एका काकांकडे बसून शिकलो. पण ते असं का म्हणतात ते समजून घ्या. आपल्याकडे ही विद्या बिलियर्ड्स आणि स्नूकरमधून आलीय. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक अमॅच्युअर विजेते झाले, पुढे मुंबईच्या मायकल फरेरांनी तीन वेळा ते पद मिळवलं, जिमखान्यांच्या बिलियर्ड्स रूम या खेळावर वाढल्या, पूलची टेबलं त्यामानाने फार नंतर आली. बिलियर्ड्स-स्नूकरचा क्यू टोकाला साडेनऊ-दहा मिलिमीटरचा, बॉल साडेबावन्न मिलिमीटरचा आणि पूलच्या बॉलपेक्षा हलका, तिथे सॉफ्ट टिप वर्षानुवर्षं चालत आलीय आणि चांगली चालते. पूलचा बॉल मोठा, १५६ ते १७० ग्रॅमचा, त्यात ब्रेकचा, म्हणजे सुरुवातीला मांडलेले बॉल फोडायच्या शॉटचा, दणका, तीच टिप इथे लवकर दबते. चालत नाही असं नाही, फक्त जास्त वेळा बदलावी लागते. स्वस्त असल्याने ते काहींना परवडतं पण.

पूल आणि स्नूकर दोन्ही एकाच क्यूने खेळू का?

दोन्ही मनापासून खेळणार असाल तर दोन क्यू घ्या. साडेनऊ मिलिमीटरची टिप पूलच्या जड बॉलवर लवकर बसते आणि तेरा मिलिमीटरच्या टिपने स्नूकरच्या बॉलवर बारीक साइड कुठे लागतेय ते दिसत नाही.

साधी टिप की लेयर्ड?

साधी म्हणजे अखंड चामडं दाबून केलेली, लेयर्ड म्हणजे पातळ चामड्याचे आठ-दहा थर एकमेकांवर चिकटवून केलेली. लेयर्डचा फायदा एवढाच की ती पहिल्या दिवशी जशी लागते तशीच बराच काळ लागत राहते आणि एक टिप दुसरीसारखी निघते. जपानच्या मूरीने ही पद्धत गाजवली, नंतर कामुई वगैरे आल्या. किंमत मात्र साध्या टिपच्या कितीतरी पट. आठवड्यातून तीन-चार दिवस खेळत असाल तर पैसे वसूल होतात, रविवारी तासभर खेळणाऱ्याला साधी मीडियम पुरते. लेयर्डमध्ये लक्ष ठेवायचं ते थर सुटण्याकडे, बाजूने केसाएवढी फट दिसली आणि आवाज अचानक फाटका यायला लागला की ती टिप गेली, चिकटवत बसू नका.

अमेरिकेत काही जण साधी एल्क मास्टर दुधात भिजवून वर्कशॉपच्या व्हाइसमध्ये दाबून वाळवतात आणि मग लावतात, तिला ते मिल्क डड म्हणतात. मी दोनदा करून बघितली, टिप खरंच घट्ट होते आणि कमी फुगते. वेळ असेल तर करून बघा, मला ती मीडियमसारखी लागली.

टिप कशाच्या चामड्याची असते? घरी चालणार नाही म्हणून विचारतोय.

हा प्रश्न लाजत विचारला जातो, पण अगदी रास्त प्रश्न आहे. भारी लेयर्ड टिपांपैकी बऱ्याच डुकराच्या चामड्याच्या असतात, इतर टिपा गाई-म्हशीच्या वर्गातल्या चामड्याच्या पण असतात. घ्यायच्या आधी पाकिटावर बघा किंवा दुकानदाराला सरळ विचारा. चामडंच नको असेल तर कृत्रिम मटेरियलच्या टिपा पण बनतात, पण त्यातल्या बऱ्याच ब्रेकसाठीच्या कडक असतात, खेळायची म्हणून विचारून घ्या.

ब्रेकसाठी वेगळी टिप हवी का?

वेगळा ब्रेक क्यू असेल तर त्याला खूप कडक टिप लावा, फिनॉलिक (प्लास्टिकसारखं कडक मटेरियल) किंवा दाबलेलं कडक चामडं, कारण तिथे स्पिनची गरज नाही, सगळा जोर रॅकपर्यंत, म्हणजे त्रिकोणात मांडलेल्या बॉलपर्यंत, पोचायला पाहिजे. जंप क्यूला पण कडकच, मऊ टिपने बॉल नीट उडत नाही. फिनॉलिक काही स्पर्धांत आणि लीगमध्ये चालते, काही ठिकाणी चालत नाही, आधी विचारा. एकच क्यू असेल तर त्यावर फिनॉलिक लावायचा विचार करू नका, साइड मारताना घसरेल. आणि तुमच्या मीडियम लेयर्ड टिपने रोज वीस-वीस दणके ब्रेक मारू नका, ब्रेकला पार्लरचा क्यू घ्या, टिप दुप्पट टिकेल.

पावसाळ्यात टिप बदलल्यासारखी लागते, भास आहे का?

भास नाही. चामडं हवेतला ओलावा ओढतं, फुगतं, मऊ पडतं. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर हा त्रास चांगलाच जाणवतो, सॉफ्ट टिपला सगळ्यात जास्त. एकदा जुलैत बाइकवर क्यूची साधी कापडी पिशवी पाठीला लावून भर पावसात खेळायला गेलो होतो, पोचलो तेव्हा टिपची कड बोटाला ओलसर लागत होती आणि फेरुलच्या, म्हणजे टिपखालच्या कडक नळीच्या, बाहेर आली होती, तासाभरात ती मशरूमच झाली. तेव्हापासून कडक केस, आत एक सिलिका जेलची पुडी, आणि पार्लरच्या एसीत पोचल्यावर दहा मिनिटं क्यू बाहेर काढून ठेवतो. पावसाळ्यापुरती अर्धी पायरी कडक टिप लावणारे लोक पण मला माहितीयत, ते बरोबरच करतात.

उलट विदर्भात मे महिन्यात हवा एवढी कोरडी की चामडं आकसून कडक होतं. आणि कुठेही असाल तरी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत क्यू ठेवू नका, ग्लू सुटतो आणि शाफ्ट वाकतो, मग टिपचा प्रश्नच उरत नाही.

नवी टिप लावली तरी मिसक्यू का होतात?

दहातल्या आठ वेळा कारण आकार असतो. नवी टिप वरून जवळजवळ सपाट येते, ती गोल करायला लागते. अमेरिकेत निकेल आणि डाइम या नाण्यांच्या गोलाईने मोजतात. निकेल साधारण २१ मिलिमीटर व्यासाचं, आपलं २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं २२ च्या आसपास, म्हणजे फारसा फरक नाही. तेच नाणं टिपच्या मागे धरून उजेडात बघा, टिपची गोलाई आणि नाण्याची कड जुळली पाहिजे. डाइमची गोलाई अजून टोकदार, तिच्याने बाजूला मारायला बरं वाटतं पण सॉफ्ट टिपला तो आकार टिकत नाही, चार दिवसांत परत सपाट.

टिप सपाट असली की साइड मारताना बॉलला टिपची गोलाई लागत नाही, तिची कड लागते, आणि कडेवर चॉक पण नसतो. मग लोक म्हणतात टिप हार्ड आहे म्हणून घसरली.

आकार बरोबर असून घसरतेय तर वरचा भाग बघा, चकाकतोय का. चकाकत असेल तर स्कफरने किंवा टिप पिकने (टिप खरखरीत करायची छोटी हत्यारं) हलकेच खरवडा, तीन-चार दाब पुरेत. रोज कानस मारल्यासारखं घासू नका, भारी टिप अशाने महिन्यात संपवलेली मी पाहिलीय.

चॉक कोणता? चॉकने टिपचा कडकपणा भरून निघतो का?

चॉक चांगला घ्या आणि प्रत्येक शॉटला लावा, हार्ड टिप असेल तर चुकूनही विसरू नका. नाव चॉक असलं तरी आजच्या चॉकमध्ये खडू जवळजवळ नसतोच, सिलिका आणि बारीक घासणारी पूड असते, १८९७ मध्ये अमेरिकेत विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी त्याचं पेटंट घेतलं तेव्हापासून. लावायचा कसा? चॉकचा खड्डा टिपवर धरून गरागरा फिरवतात तसा नाही, त्याने मधला भाग भरतो आणि कडा कोऱ्या राहतात. क्यू तिरका धरून ब्रशने रंग दिल्यासारखे हलके हात मारायचे, टिप फिरवत, आणि मग उजेडाकडे धरून बघायचं, कुठे चामडं चमकतंय का. चॉक लावलेला दिसला पाहिजे, थापलेला नको.

टिप घरी लावता येते का?

येते, घाई केली नाही तर. ब्लेडने जुनी टिप काढा, फेरुलचं तोंड पूर्ण साफ आणि सपाट करा, जुन्या ग्लूचा एक कण पण राहायला नको. नव्या टिपचा तळ सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासा. मग जेलवाला इन्स्टंट ग्लू, एक थेंब, पातळ पसरून, टिप मधोमध ठेवून दाबा आणि पाच मिनिटं हलवू नका. रात्रभर ठेवलीत तर उत्तम. नंतर फेरुलला मास्किंग टेप गुंडाळा, क्यू उलटा करून टिप लाकडी फळीवर टेकवा आणि नव्या ब्लेडने बाजूचं जास्तीचं चामडं थोडं थोडं खाली कापत जा. शेवटी कडा किंचित ओल्या करून जुन्या चामडी पट्ट्याच्या तुकड्याने जोरात घासा, गरम लागेपर्यंत, म्हणजे कड घट्ट होते आणि फुगायचं प्रमाण कमी होतं.

ग्लू जेलवालाच का? कारण पाण्यासारखा पातळ ग्लू सॉफ्ट टिपच्या चामड्यात वर चढतो आणि आतूनच तिला दगड करतो. सुरुवातीला मी एका मित्राच्या नव्याकोऱ्या सुपर सॉफ्टला असंच केलं होतं. लावली तेव्हा छान दिसत होती, दुसऱ्या दिवशी पहिल्याच शॉटला असा आवाज आला की शेजारच्या टेबलवाल्याने वळून बघितलं. त्याला दुसरी टिप मी माझ्या पैशाने आणून दिली.

टिप कधी बदलायची?

बाजूने पाहिल्यावर चामडं दोन-अडीच मिलिमीटरच्या खाली गेलं की. त्याच्यापेक्षा पातळ टिपमध्ये दबायला काही उरत नाही, मग सॉफ्ट लिहिलेली टिप पण हार्डसारखी लागते आणि मार फेरुलला बसायला लागतो, फेरुल तडकलं की खर्च टिपच्या कितीतरी पट. सॉफ्ट टिप वापरून वापरून दाबली जाऊन काही महिन्यांत मीडियम होते हे पण लक्षात ठेवा. अशा मुरलेल्या टिपच्या जागी परत नवी सॉफ्ट लावली की पहिले आठ-दहा तास खेळ सगळा वेगळा लागतो. म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी टिप बदलू नका, निदान दोन आठवडे आधी बदला.

रुंदी किती ठेवू, तेरा की पावणेबारा?

पूलच्या जागतिक संघटनेच्या नियमात टिप जास्तीत जास्त चौदा मिलिमीटरची चालते, त्याच्या आत तुमची मर्जी. बारीक टिपने बॉलवर कुठे लागतंय ते स्पष्ट दिसतं, पण चामडं कमी असल्याने ती लवकर दबते, तेव्हा शाफ्ट बारीक असेल तर टिप अर्धी पायरी कडक घ्या.

माझा स्वतःचा क्यू नाही, पार्लरचाच वापरतो. मी काय करू?

स्टँडवरचा पहिला हाताला येईल तो क्यू उचलू नका. तीन-चार काढा, टिपकडे वरून आणि बाजूने बघा. फेरुलच्या बाहेर चामडं आलेलं नको, वरून आरशासारखी चकाकणारी नको, एका बाजूला कललेली तर अजिबात नको. नखाने दाबून बघा, जराशी खूण उमटली तर तो क्यू घ्या. मग टेबलवर सरकवून सरळ आहे का बघा, पण आधी टिप, कारण किंचित वाकलेल्या क्यूने पण खेळता येतं, चकाकणाऱ्या टिपने साइड मारता येत नाही.

खिशात पॉलिश पेपरचा दोन बोटं रुंद तुकडा ठेवा. काउंटरवर विचारून, कारण क्यू त्यांचा आहे, टिपवर चार-पाच हलके हात मारा, बाजूचं फुगलेलं घासू नका, ते त्यांचा माणूस करेल. मग चॉक. आणि क्यूच्या मागे नंबर असेल तर तो लक्षात ठेवा, पुढच्या वेळी तोच मागा. आमच्याकडे एक मुलगा वर्षभर अकरा नंबरचाच क्यू मागून खेळला, त्याची टिप पण तोच घासायचा, आणि पार्लरवाल्याने टिपा बदलायला काढल्या तेव्हा अकरा नंबरला कोणती लावायची हे त्यालाच विचारलं. त्याने मीडियम सांगितली.